कच्च्या टाक्यावरचा कठडा

रविवारी सकाळी मास्तरांनी कामाच्या पॅन्टच्या खिशात हात घातला आणि तो तिथेच थांबला. हाताला दोन स्क्रू लागले. चांगले लांब, जाड, पान्याने पिळायचे. तसं बघायला गेलं तर खिशात दोन स्क्रू निघाले म्हणून कुणी घाबरत नाही. पण हे दोन मागच्या दाराबाहेरच्या कठड्यात असायला हवे होते, आणि त्याच कठड्याला धरून थोड्या वेळाने मास्तरांची बायको कितीतरी दिवसांनी घराबाहेर पाऊल टाकणार होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मधे राहायचं, आणि मागच्या दाराबाहेर लाकडी फळ्यांचा ओटा. घरामागची जमीन उताराची, त्यामुळे ओट्याची दाराकडची बाजू जमिनीला लागून आणि पलीकडची कड माणसाच्या छातीइतकी उंच, तिथून खाली उतरायला चार लाकडी पायऱ्या. लेक त्याला ‘डेक’ म्हणायची. मास्तर म्हणायचे, डेक कसला, घर आहे का जहाज? ते आपले त्याला ‘फळ्या’च म्हणायचे. फळ्यांवर कपडे वाळायचे, संध्याकाळी दोघं खुर्च्या टाकून बसायची. कठडा कधी नव्हता आणि कधी कुणाला त्याची आठवणही झाली नव्हती.

मग मास्तरीणबाईंना चक्कर सुरू झाली. साधीसुधी नव्हे. बसल्याजागी घर फिरायचं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा बिघडली आहे, औषधाने हळूहळू येईल ताळ्यावर, पण यांना झोपवून ठेवू नका, रोज मोकळ्यावर चालवा, धरायला काहीतरी द्या. हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच एक दिवस त्या ओले कपडे घेऊन फळ्यांवर गेल्या होत्या. मधेच सगळं गरगरलं, त्या मटकन खाली बसल्या आणि डोळे उघडून बघतात तर कड हाताच्या अंतरावर. त्या दिवसानंतर मागचं दार बंद झालं. शिलाई मशीनवर कापड पडलं. बाई भिंती चाचपत न्हाणीघरापर्यंत जायच्या आणि भिंती चाचपत परत यायच्या.

लेक दुसऱ्या शहरात इस्पितळात नर्स. तिने फोनवर आवाज न चढवता सांगितलं, म्हणजे ती खरी चिडली होती. “बाबा, आईला चालायला जागा नाही, धरायला काही नाही. मी रविवारी येते. तोवर कठडा झाला असेल तर ठीक. नसेल तर मी तिला घेऊन जाते.”

“कायमची?” मास्तरांनी विचारलं.

“बरी होईपर्यंत.”

बरी होईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू, लेकीचं काही चुकत नव्हतं. पण लग्न झाल्यापासून हा माणूस बायकोशिवाय एक दिवस राहिलेला नव्हता. तिच्याशिवाय घरात काय करायचं, कुठे बसायचं, कुणावर चिडायचं, काही म्हणता काही त्यांना सुचेना.

सुताराने सांगितलेला आकडा ऐकून मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मग स्वतःच वखारीत गेले. वखारवाल्याने पेट्या बांधायचं स्वस्त लाकूड दाखवलं आणि वर सल्लाही दिला. “मास्तर, खांब कडेच्या तुळईला बाहेरून लावा. प्रत्येक खांबाला दोन मोठे स्क्रू. खिळ्यांवर विसंबू नका. खिळा दिसतो घट्ट, पण माणूस टेकला की उपसून येतो.” मास्तरांनी मान डोलावली. टेकणारं माणूस कोण आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

काम मात्र त्यांनी शिंप्यासारखंच केलं. करवतीच्या रेघा शिलाईच्या खडूने आखल्या. कठड्याची उंची किती ठेवायची? बायकोच्या कोपराइतकी. ती मोजायलाही लागली नाही, तिची सगळी मापं त्यांना पाठ. पहिला खांब कापताना सवयीने कापड आटेल म्हणून जागा सोडली आणि तो बोटभर लांब झाला. बाई आत पलंगावर बसून खिडकीतून बघत होत्या. “अहो, लाकूड आहे ते, धुतल्यावर आटत नाही,” त्या आतून ओरडल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांनी अशी थट्टा केली होती. मास्तरांना इतकं बरं वाटलं की पुढचा खांब त्यांनी आखूड कापला.

आणि मग त्यांनी अख्ख्या कठड्याला कच्चा टाका घातला. म्हणजे काय, तर प्रत्येक खांब एकेका बारीक खिळ्यावर उभा केला, वरची आडवी पट्टी ठेवली, उभ्या पट्ट्या लावल्या, आणि चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघितलं. अंगावर नीट बसतंय ना, कुठे ओढत नाही ना. शिंप्याला दुसरी पद्धत माहीतच नाही. आधी कच्चा टाका, मग ट्रायल, मग पक्की शिलाई.

पण इथे एक घोळ होता. दुकानात पक्की शिलाई मास्तरांनी कधी मारलीच नव्हती. ते कापायचे, कच्चा टाका घालायचे आणि कपडा डाव्या हाताला सरकवायचे. डाव्या हाताला मशीन, मशीनवर बाई. त्या पक्कं करायच्या, कच्चे दोरे ओढून काढायच्या, बटणं लावायच्या. कपडा डावीकडे सरकला की मास्तरांच्या लेखी तो झालाच. बाई आजारी पडल्यावर ही सवय कशी नडते ते एका वकिलाला समजलं. त्याच्या कोटाची उजवी बाही कच्च्या टाक्यावरच गेली, आणि भर कोर्टात त्याने हात वर केला तेव्हा बाही खाली राहिली. वकील दुकानात येऊन जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही.

तर खिशातले ते दोन स्क्रू हातात घेऊन मास्तर पलंगाच्या कडेला बसले आणि आठवू लागले. वखारवाल्याने जास्तीचे टाकले असतील का? नाही. स्वतः निवडून घेतले होते, एकही जास्त नव्हता. मग राहिले कुठले? दारापासून सुरुवात केली, एकेक खांब पक्का करत गेलो. शेवटी पायऱ्यांच्या तोंडाचा खांब. त्याला भोकं पाडली. स्क्रू हातात घेतले. आणि तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग हाक. मास्तर स्क्रू खिशात कोंबून धावत गेले. बाई जमिनीवर टेबलाचा पाय धरून बसल्या होत्या, डोळे गच्च मिटलेले. त्यांना उचललं, झोपवलं, औषध दिलं, कपाळावर हात ठेवून बसून राहिले. संध्याकाळी बाहेर आले ते स्क्रूंच्या भोकांवर लावायच्या गोल लाकडी चकत्या घेऊन, कोटाच्या बटणांसारख्या गुळगुळीत घासलेल्या. डिंक लावून एकेक चकती बसवत गेले. हात चकत्यांवर, मन खोलीत. आत स्क्रू आहे की नुसतंच भोक, कोण बघतो? वरून रंग दिला, आणि पायऱ्यांच्या तोंडाचा खांब एका खिळ्यावर राहिला.

म्हणजे तोच. तोच असणार. दुसरा असला तर?

दाराची बेल वाजली.

लेक आत आली, तिने आईची नाडी बघितली, डोळे बघितले आणि मग वडिलांकडे वळली. “बाबा, तुम्हाला एवढा घाम का आलाय?”

“उकडतंय.”

“कुठे उकडतंय?” ती म्हणाली आणि तडक मागच्या दाराने बाहेर गेली. दाराजवळचा खांब तिने दोन्ही हातांनी गदागदा हलवला. तो तसूभर हलला नाही. “अरे वा, बाबा! छान केलाय की. मला वाटलं होतं, सुतळी बांधून ठेवाल.”

आता सांगून टाकावं. मास्तरांनी तोंड उघडलं. सांगितलं की ती म्हणणार, बघा, हेच म्हणत होते मी, आणि बॅग भरणार. आधी गुपचूप पक्का करतो, मग कुणाला काही सांगायलाच नको. तोंड पुन्हा मिटलं. ते पाना शोधायला आत वळले तर दारात मास्तरीणबाई उभ्या. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे, एक हात चौकटीवर.

“अगं, जरा दम धर,” मास्तर म्हणाले. “रंग ओला आहे अजून.”

“कालपासून सुकतोय. मी खिडकीतून बघतेय.”

“उद्या जा ना. आज तुला थकवा—”

“अहो, आता मला अडवलंत तर मी पुन्हा यायची नाही,” बाई म्हणाल्या. त्याही घाबरल्या होत्या, आणि तरी निघाल्या होत्या. “धीर एकदाच गोळा होतो. झालाय तोवर जाऊ द्या.”

बाईंनी पहिल्या पट्टीवर हात ठेवला आणि पाऊल टाकलं. लेक दारातच थांबली, म्हणाली, एकटीला चालू दे, बाबा, तुम्ही बघा, मी चहा टाकते. एक हात पुढे सरकायचा, मग दुसरा, मग पाय. बाईंची नजर फक्त हातांवर होती.

मास्तरांना ओरडता येईना. ओरडलं की ती दचकणार, दचकली की गरगरणार, आणि गरगरलं की जे हाताशी असेल त्यालाच लोंबकळणार. ओढून आत आणावं तर आज जमवलेला सगळा धीर गेला. ते तिच्या बाजूने पुढे होऊन भराभर पायऱ्या उतरले, वळून गवतात उभे राहिले आणि पायऱ्यांच्या तोंडाच्या खांबाला बाहेरून खांदा लावला. डावा पाय पुढे, उजवा मागे रोवलेला. ओठ घट्ट मिटून ते वर बघत राहिले. ती मधल्या खांबापाशी आली. तोच कच्चा असला तर? ती तिथे टेकली. काही झालं नाही. ती पुढे निघाली.

मग तिचे हात त्यांच्या डोक्यावरच्या पट्टीवर आले, आणि ती थांबली. मान वर केली. पलीकडची झाडं, शेजाऱ्यांचं पत्र्याचं छप्पर, त्यावर झोपलेलं मांजर, सगळं ती बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. “केवढं मोकळं आहे हो,” ती म्हणाली आणि कठड्यावर पूर्ण रेलली.

खिळा करकरला. सगळं ओझं मास्तरांच्या खांद्यावर आलं. फार नव्हतंच, आजारपणात ती निम्मी झाली होती. पण पाय गवतात घसरू लागले तसे त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

“खाली काय करताय?” बाईंनी विचारलं.

“गवत. वाढलंय फार.”

“मग उपटा की. खांबाला काय चिकटलाय?”

बाईंनी पट्टीवर बोटं फिरवली. मग बोटं खांबावर उतरली, थांबली, जराशी दाबली गेली. आयुष्यभर दुसऱ्याने टाकलेले टाके बोटांनी ओळखलेली बाई ती. तिला सांगावं लागलं नाही.

“अहो,” ती हळूच म्हणाली. “हा कच्चा आहे.”

मास्तरांनी खालून होकाराची मान डोलावली.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दाराकडे बघितलं. लेक चहा आणायला आत गेली होती. “तिला कळलं तर नेईल मला.”

“म्हणूनच तर नाही बोललो. तू हळूच मागे सरक.”

“सरकू कशी? पाय थरथरताहेत. सोडलं तर मी पडेन, धरलं तर हा पडेल.”

“मी आहे ना खाली. धरून ठेव. मी नाही हलत.”

असे दोघं उभे राहिले. वरती ती, खाली तो, मधे एक बारीक खिळा. दोघांपैकी कुणालाही पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं.

लेक कप घेऊन बाहेर आली. आईला कडेला ताठ उभी बघून तिचा चेहरा असा उजळला की मास्तरांना लाज वाटली. “आई! किती लांब आलीस! मला वाटलं होतं दोन पावलांत परत फिरशील.” ती भराभर चालत आली. “सरक जरा, मलाही टेकू दे. बघू तरी बाबांचं काम.”

लेक चांगली भरलेल्या अंगाची. इस्पितळात माणसं उचलणारी.

“नको!” मास्तर जिवाच्या आकांताने ओरडले. “टेकू नकोस! लावलेला नाही तो!”

बाई दचकल्या. त्यांचे डोळे फिरले आणि दोन्ही हातांनी त्यांनी पट्टीला मिठी मारली. खिळा कडकन सुटला. खांब मास्तरांवर आला आणि ते गुडघ्यावर बसले, पण खांदा काढला नाही. वर कप फुटले. लेकीने आईला कमरेला धरून मागे ओढलं आणि पायऱ्यांच्या वरच्या पायरीवर बसवलं. बाईंचं डोकं लेकीच्या छातीवर होतं आणि त्या घट्ट डोळे मिटून जग थांबायची वाट बघत होत्या.

“बाबा,” लेक म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“सकाळपासून.” मास्तरांनी खिशातून स्क्रू काढून दाखवले. लपवायला आता काय उरलं होतं? “भोकं पाडली आणि ही पडली आत. मग राहूनच गेलं. मी म्हणजे... मी कच्चा टाका घातला की मला वाटतं झालं. पुढचं ही करते.”

“आणि माहीत असूनही तिला येऊ दिलंत.”

“तू नेशील म्हणून गं!” मास्तरांचा आवाज फुटला. “सांगितलं असतं तर तू नेलं असतंस. मी काय करू या घरात एकटा?”

“नेईनच! आत्ता नेते. ती पडली असती तर मी तुम्हाला आयुष्यभर माफ केलं नसतं. आई, बॅग कुठे आहे?”

“माळ्यावर,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “निळी. पण आधी पाना आण.”

“पाना कशाला?”

“कच्चं टाकून मी कुठे जात नाही. आपल्या दुकानातून आजवर एक कपडा तसा बाहेर गेला नाही.”

“वकिलाचा गेला,” मास्तर खालून पुटपुटले.

“तुम्ही गप्प बसा. तेव्हा मी आजारी होते.” बाईंनी डोळे उघडले. “हे बघ बाळ, तुझं बरोबर आहे. मला भीती वाटली, अजून वाटतेय. पण यांना एकट्याला ठेवलं तर हे अख्खं घर कच्च्या टाक्यावर चालवतील. यांचं पक्कं करायला मी लागते. आणि मला काहीतरी पक्कं करायला हवंय. पलंगावर बसून बसून मी उसवत चाललेय. आण पाना.”

लेक आत गेली आणि पाना घेऊन आली. बॅग आणली नाही, पण आणणार नाही असंही म्हणाली नाही.

खांबाचं खालचं टोक पायरीवर बसलेल्या बाईंच्या अगदी हाताशी होतं. त्यांनी पान्याच्या टोकाने चकती उचकटली. आत नुसतं भोक. त्यांनी नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला, तो काय होता ते मास्तरांनाच ठाऊक. मग मास्तरांनी खालून दिलेला स्क्रू बसवला, पाना लावला आणि पिळायला घेतला. एक पिळा दिला की डोळे मिटायच्या, घर थांबायची वाट बघायच्या, मग दुसरा. पाना दोनदा निसटला.

“आई, दे मी करते.”

“हात लावू नकोस.”

मास्तरांचा खांदा सुन्न झाला होता. खांब तुळईला चिकटून राहिला नाही तर स्क्रू वाकडा जाणार, आणि त्यांचे पाय पुन्हा घसरू लागले होते. लेकीने ते बघितलं. ती पायऱ्या उतरली, चपला काढल्या, गवतात पाय रोवून वडिलांच्या शेजारी उभी राहिली आणि खांबाला खांदा लावला. दोघांचेही श्वास जोरात चालले होते. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

“बाबा,” ती थोड्या वेळाने म्हणाली, “तिला पुन्हा काही झालं तर?”

“मलाही तेच वाटतं,” मास्तर म्हणाले. “रोज.”

वर पाना करकरत होता. पहिला स्क्रू बसला. दुसरा बसायला त्याहून वेळ लागला, मधे एकदा बाईंनी डोकं गुडघ्यात घातलं आणि खाली दोघांनी खांदे आणखी रेटले. मग पुन्हा करकर सुरू झाली. शेवटच्या पिळ्याला बाई दोन्ही हात आणि अंगाचं सगळं ओझं घालून रेलल्या, पाना हलायचा थांबला, आणि त्यांनी उलट्या हाताने कपाळ पुसलं.

“झाला पक्का,” त्या म्हणाल्या.

खाली दोन्ही खांदे होते तिथेच.

“अहो, झाला म्हणते ना. सोडा आता.”

मास्तरांनी लेकीकडे बघितलं, लेकीने मास्तरांकडे. खांब दोघांपैकी कुणीच सोडला नाही.